ओळखीचा वायू

दोनापावलाच्या टेकडीपोटी एक खोली,
बावीस अंश, रात्रंदिवस बावीस.
चिखलीच्या खाडीतला एक शिंपला
दातांच्या डॉक्टरकडे असते तसल्या सुईने
मी रेघेरेघेने खरवडते.
एका रेघेत साधारण पंधरवडा.
नखावर ठेवली तर हरवेल एवढी भुकटी,
तिच्यावर आम्लाचा थेंब,
मग शिंपला जे कोंडून बसला होता
ते बुडबुड्याने सोडून देतो.

पुढे चुंबक.
हलके चटकन वळतात,
जड जरा हेकट, रुंद वळण घेऊन येतात.
पलीकडे तीन वाट्या मांडून ठेवल्यात :
चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस.
कुठल्या वाटीत किती पडलं हे विचारायचं नसतं,
एकीत दुसरीच्या मानाने किती,
तेवढंच.

आई वास्कोच्या बाजारात तिसऱ्यांचे वाटे लावायची.
मोजून शंभर, वर एक मूठ.
मूठ केवढी, ते गिऱ्हाईक बघून.
तिच्याकडे प्रमाण मागायला कुणी आलं नाही.

आमच्याकडे ओळखीचा वायू असतो एक, नळकांड्यात.
एकदा तो, मग अनोळखी, मग पुन्हा तो,
रात्रभर अशी ये-जा.
त्याचं उत्तर आम्हाला आधीपासून पाठ,
तरी तो हजारात शून्य दशांश शून्य नऊने
इकडेतिकडे सरकायचा.
एवढ्या थरथरीत झुआरीचे दोन पंधरवडे
एकमेकांत मिसळून जातात,
खारं कुठलं, गोडं कुठलं, सांगता येत नाही.

चूक निम्मी करायची तर मोजणी चौपट,
हे गणित कुणाला चुकलेलं नाही.
चौपट केली. उजाडलं.
नऊचे आठ झाले.
म्हणजे दोष मोजण्यात नव्हता.
तंतू बदलला, नळ्या शेकल्या,
सांधे पुसले स्पिरिटने,
सरमळकर मॅडमनी कंपनीला तीन पत्रं लिहिली.
आठच.

शेवटी नुव्याचा इनास आला, एसी दुरुस्त करणारा.
यंत्राकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.
दाराबाहेर स्टूल टाकून बसला,
सिगारेटच्या पाकिटावर रात्रभर काहीतरी टिपत.
पहाटे म्हणाला,
"दार गो, बाय.
तूं दर वीस मिनटांनी भितर वता."

मी जायचेच.
सगळं ठीक आहे ना, एवढं बघायला.
सदतीस अंशांची मी,
ओल्या केसांची,
प्रत्येक खेपेला खाडीची दमट हवा पदराशी घेऊन
अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी उभी.
काळजीने वाकून बघणारी.

मागच्या वर्षी आईच्या तापातही असंच.
रात्रीतून कितीदा तिची कडी काढली,
छाती वरखाली होते का बघायला.
तिसऱ्या का चौथ्या खेपेला ती डोळे न उघडता म्हणाली,
"दार धांप गो, वारें येता."

त्या रात्री आत गेले नाही.
जिन्याच्या पायरीवर बसले, हात मांडीखाली दाबून.
समोर मुरगावच्या बाजूला
नांगरलेल्या जहाजाचा एक दिवा.
दोनदा उठले. दोनदा बसले.
आत ओळखीचा आणि अनोळखी
एकमेकांना जागा देत राहिले, माझ्यावाचून.

सकाळी कागद निघाला : शून्य दशांश शून्य चार.
नऊतले पाच माझे होते.

मॅडम खूश. इनासने बिल लावलं फक्त गॅस भरल्याचं.
आता रेघा सुट्या सुट्या दिसतात,
इथे नदी उतरली, इथे समुद्र आत आला.
सातव्या रेघेच्या पंधरवड्यात
आई त्याच खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभी असणार,
पायाच्या बोटांनी चिखल चाचपत.
ते यातल्या कुठल्या वाटीत पडत नाही.

वहीत नवा रकाना आखायचा ठरला :
दार, किती वेळा.
पहिल्या रात्रीचं शून्य लिहायचं होतं,
पण वही आत राहिली होती.
बाहेरच्या भिंतीवर लिहिलं, पेन्सिलीने.